डीसी ऑफिसबाहेरचे टायपिंगवाले मास्तर : घर पडलेल्यांनी आणि पाडलेल्यांनी एकदा जाऊन यावं (साडेचार स्टार)

पहिलंच सांगतो, दुकानाला बोर्ड नाही त्यामुळं नाव विचारू नका. बेळगावात डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या आवाराबाहेर जेरॉक्स, बॉण्डपेपर, टायपिंगवाल्यांची जी रांग लागलीय त्यात शेवटून दुसरं. एक जुना कॉम्प्युटर, मधेच कागद खाणारा एक प्रिंटर, तिघांचं बाकडं आणि त्यावर बसलेले पाचजण, आणि कॉम्प्युटरच्या मागं साठीच्या पुढचे एक मास्तर, चष्मा कायम कपाळावर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पूर्वी टायपिंगचा क्लास घ्यायचे म्हणून सगळे मास्तर म्हणतात. मी त्यांच्याकडं दोनदा गेलोय, एकदा 2019 च्या पुरानंतर मावशीच्या घरासाठी आणि परत आता सासऱ्यांच्या घरासाठी. मावशीचं घर पावसानं अर्धं पाडलं आणि उरलेलं जेसीबीनं, सासऱ्यांचं रस्त्यात गेलं. दोन्ही वेळचा अनुभव लिहितो, थोडं लांबेल खरं ज्याचं घर गेलंय तो वाचेल.

2019 चा ऑगस्ट आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर, कोल्हापूर रस्ता बंद, इकडं मार्कंडेय फुगलेली, बळ्ळारी नाल्यानं भातशेतं बुडवलेली. मावशीचं गाव मार्कंडेयच्या काठाजवळ. घर जुनं, मातीच्या भिंती, वर कौलं, आजोबांच्या सासऱ्याच्या वेळचं. चार दिवस पाऊस थांबला नाही आणि भिंती आतून बिस्किटासारख्या झाल्या, रात्री मागची भिंत बसली, तिच्यासोबत स्वयंपाकघर आणि माजघराचं अर्धं छप्पर. माणसं आधीच शाळेत नेऊन ठेवली होती म्हणून वाचली. म्हैस पण वाचली. धान्याची कणगी गेली.

पाणी उतरल्यावर सर्व्हेवाले आले. आता हे लक्षात ठेवा कारण सगळी भानगड इथंच आहे. त्यावेळी पुढचा सोपा, म्हणजे घराचा पुढचा भाग, उभा होता, दार उभं होतं, दारावरचं तोरण पण होतं. पाऊस चालूच होता, ते गल्लीतून बघून लिहून गेले. नंतर चार दिवसांनी तीच पुढची भिंत गल्लीच्या बाजूला कलली, शेजारी पोरं खेळतात, कुणावर पडली तर काय, म्हणून पाडून टाका असं सांगण्यात आलं. तोंडी. मावशीनं जेसीबी बोलावला, स्वतःच्या पैशानं, आणि दोन तासात सपाट. मग दीडेक महिन्यानं यादी लागली तर मावशीचं नाव सी कॅटेगरीत.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. त्यावर्षी कर्नाटक सरकारनं घरांचे तीन भाग केले होते. 75 टक्क्यांच्या वर पडलं तर ए, 5 लाख. 25 ते 75 टक्के बी. त्यात पाडून नवीन बांधणाऱ्याला 5 लाख आणि दुरुस्तीवाल्याला 3 लाख. 15 ते 25 टक्के म्हणजे सी, 50 हजार. म्हणजे कागदावर मावशीच्या घराचा पाऊण भाग अजून उभा होता आणि मावशी त्या जागेवर डब्यात लावलेली तुळस घेऊन उभी. घर दिसत नाही तर 20 टक्के कसलं पडलं विचारायला गेलो तर उत्तर आलं, आता बघायला काय उरलंच नाही तर परत सर्व्हे कशाचा करायचा. हे पण खरंच की. पाडलेल्या घराचं मोजमाप कुठून काढणार.

पहिल्यांदा आम्ही एका सेवा केंद्रात गेलतो. 50 रुपयात अर्ज टाइप करून मिळाला, तयार फॉरमॅट होता त्यात नाव घातलं, पुरामुळे घर पडले आहे तरी मदत मिळावी ही विनंती, संपलं. दोन महिने त्या अर्जाचा पत्ता नाही. मग एकजण भेटला जो म्हणाला वर ओळख आहे, ए मध्ये घालून देतो, मिळतील त्यातले 10 टक्के, पाच हजार आधी द्यायचे. मावशी देणार होती. खरंच देणार होती, कानातले काढून ठेवले होते. मी उद्यमबागला लेथवर काम करतो, आमच्या शिफ्टमधल्या एकाचं शिंदोळी साइडला घर पडलं होतं, तो म्हणाला पाच हजार कशाला गा, मास्तरांकडं जा, शंभर-दोनशेत काम होतंय. म्हणून अर्धा दिवस रजा टाकून मावशीला घेऊन गेलो.

मास्तरांनी पहिला अर्धा तास कीबोर्डला हात लावला नाही. फक्त विचारत बसले. भिंत कुठली पहिली पडली, किती वाजता, त्या रात्री तुम्ही कुठं होता, शाळेच्या यादीत नाव आहे काय. पुराच्या मदतीचे 10 हजार मिळाले काय. (मिळाले होते. त्यातले 3,800 केंद्राच्या नियमातले कपड्या-भांड्यांचे आणि 6,200 राज्यानं वरून घातलेले, हे मास्तरांनीच सांगितलं, म्हणाले ते ज्याला मिळाले त्याच्या घरात पाणी शिरलेलं किंवा पडझड झालेली सरकारनं आधीच मान्य केलीय, तो पहिला पुरावा.) मग पुढचा प्रश्न, पाडा म्हणून कोण सांगितलं. मावशी म्हणाली सगळेच म्हणाले. कागद दिला काय? नाही. मग जेसीबीचं भाडं कोण दिलं? मी दिलं. कसं दिलीस, रोख? तर नाही, माझ्या मावसभावानं फोनपे केलं होतं. मास्तरांचा चष्मा तिथं कपाळावरून खाली आला. म्हणाले तो मेसेज काढ, त्यात तारीख आहे, म्हणजे सर्व्हेच्या तारखेनंतर घर पाडलंय हे कागदावर आलं. आमच्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं.

मग फोटो. पडल्यानंतरचे फोटो सगळ्यांकडं असतात, मोबाईल काढून जो तो दाखवतो. मास्तर म्हणाले पडायच्या आधीचा फोटो आण. आता कोण आपल्याच घराचा फोटो काढून ठेवतंय? मावशी रडायला लागली, तर म्हणाले, "कशाला रडूलालीस, पोरीचं लग्न कुठं केलीस?" दारातच, मांडव घालून. "मग अल्बम आण की." आणि खरंच, अल्बममध्ये हळदीच्या दिवसाचे चार फोटो असे निघाले की मागं अख्खं घर, सोपा, दोन्ही खिडक्या, कौलं मोजता येतील. मावशी तो अल्बम एका पिशवीत घालून शाळेत घेऊन गेलती, धान्य सोडलं खरं अल्बम सोडला नाही. हेस्कॉमचं म्हणजे लाइटचं बिल, घरफाळ्याची पावती, पंचायतीचा उतारा, अल्बममधले फोटो कलर जेरॉक्स, हे सगळं एका दोऱ्यात बांधलं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय ती. मास्तरांनी अर्ज कन्नडमध्ये टाइप केला, दोन पानी, आणि मग प्रिंट काढायच्या आधी तो आख्खा मराठीत वाचून दाखवला. एकेक ओळ. वाचायची, थांबायचं, मावशीकडं बघायचं, बरोबर काय, मग पुढची. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला ह्याचा अर्थ सांगायला नको. आम्ही आयुष्यभर न वाचलेल्या कागदांवर सह्या केल्यात. पोरं कन्नड शिकतात आता, खरं मावशीच्या वयाच्या बायका अंगठा नाहीतर सही, जिथं बोट दाखवतील तिथं. तालुक्यात 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असले तर त्यांच्या भाषेत कागद द्यायचा म्हणून नियम आहे, महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक किती वर्षं निवेदनं देऊलालेत, मोर्चे काढूलालेत, तो विषय वेगळा आणि मोठा आहे, आज तो काढत नाही. मास्तर स्वतः घरात कन्नड बोलतात. बाकड्यावर जो येईल त्याच्या भाषेत बोलतात, आणि लिहितात ऑफिसला लागेल त्या भाषेत.

वाचताना एका ओळीत पडवी असं आलं. मावशी म्हणाली, पडवी नव्हे ओ, सोपा. मास्तर थांबले. म्हणाले फरक काय? मावशीनं सांगितलं की पडवी म्हणजे बाहेरून टेकवलेलं, आमचा सोपा घराच्याच भिंतीत, वर माळा, तिथं माझे सासरे झोपायचे. मास्तर म्हणाले बरं झालं बोललीस, पडवी म्हटलं तर इंजिनीअर ते घरात धरणार नाही, सोपा घराचा भाग झाला तर पडलेल्याची टक्केवारी बदलते. खोडून दुरुस्त केलं. आता सांगा, हा अर्ज फक्त कन्नडमध्ये छापून हातात दिला असता तर मावशी ते कुठं पकडणार होती?

अर्जात काय लिहिलं ते पण सांगतो. मदत मिळावी हा शब्दच नव्हता. लिहिलं असं की अमुक तारखेचा सर्व्हे घर अर्धं उभं असताना झाला, नंतर लोकांच्या जिवाला धोका म्हणून उरलेली भिंत पाडावी लागली, पाडल्याचा पुरावा सोबत, आधीचे फोटो सोबत, तरी महसूल, पंचायत आणि इंजिनीअर यांनी मिळून परत जॉइंट सर्व्हे करावा आणि कॅटेगरी बदलावी. काय पाहिजे ते एका वाक्यात. मास्तर म्हणतात साहेबाला दिवसात दोनशे कागद येतात, रडलेला कागद तो बाजूला ठेवतो, विचारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

तीन सेट काढले. एक तहसीलदारांना, एक पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी), तिसरा शिक्का मारून घेऊन घरी ठेवायला. इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही, ते म्हणतील नंतर या, म्हणायचं बसतो. मावशी बसली. दीड तास बसली, आणि शिक्का घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर त्यादिवशी जे होतं ते पैसे आले त्यादिवशी पण नव्हतं.

परत सर्व्हे झाला. लगेच नव्हे, तीन फेऱ्या माराव्या लागल्या, खरं झाला. बी मध्ये, नवीन बांधणाऱ्यांत नाव लागलं. पैसे एकदम देत नाहीत, हप्त्यानं, पाया झाला की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छप्पर झालं की फोटो, जीपीएसवाला फोटो काढून राजीव गांधी वसती निगमच्या, म्हणजे राज्याच्या घरबांधणी महामंडळाच्या सिस्टीममध्ये चढवावा लागतो मग पुढचा हप्ता. त्यामुळं पाया घालायला हातात काहीतरी पाहिजेच, मावशीचे ते कानातले शेवटी त्यात गेलेच, फक्त त्या ओळखवाल्याला न जाता सिमेंटवाल्याला गेले. 2021 मध्ये स्लॅब पडला.

आता अर्धा स्टार का कापला. मास्तरांनी अर्जात नाव उताऱ्याप्रमाणं लिहिलं, पुढं 'बाई' लावून. आधारवर 'बाई' नाही. बँकेत पण नाही. अर्ज पास झाला, लिस्टमध्ये नाव चढलं 'बाई' लावून आणि पहिला हप्ता अडकला, दोन वेगळी माणसं दिसूलालीत म्हणे. तीन महिने. पावसाळा तोंडावर, मावशी पत्र्याच्या शेडात, आणि पैसे दोन अक्षरांसाठी लटकलेले. मी जरा तावातच गेलो मास्तरांकडं. ते काही बोलले नाहीत, फाईल काढली, बघितलं, म्हणाले चूक माझी, आधार बघायला पाहिजे होतं. दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून अ‍ॅफिडेव्हिट करून दिलं, फक्त बॉण्डपेपरचे पैसे घेतले. चांगलं वागले खरं तीन महिने तीन महिनेच. तुम्ही जाणार असला तर आधार, पासबुक, उतारा तिन्हीवरचं नाव घरीच ताडून बघा, आणि आधार कुठल्या खात्याला लिंक आहे ते बँकेत विचारून घ्या. आमच्या गल्लीतल्या एकाचे पैसे जुन्या जनधन खात्यात जाऊन पडले होते आणि तो चार महिने सरकारला शिव्या घालत होता.

दुसरी वेळ गेल्या वर्षी. सासऱ्यांचं घर गावात म्हणजे शहरात, रस्त्याला लागून. एक दिवस येऊन भिंतीवर लाल रंगानं फुली मारून गेले, रस्ता रुंद होणार, पुढच्या दोन खोल्या जाणार. मागून कन्नडमध्ये नोटीस. मेव्हण्यानं नोटीस घेऊन थेट मलाच फोन केला, तुमच्या त्या मास्तरांकडं जाऊया. मला वाटलं परत तसलाच अर्ज, फोटो जोडायचे, झालं. तर मास्तरांनी नोटीस वाचून पहिल्यांदा विचारलं, ही अतिक्रमण काढायची नोटीस आहे की जागा संपादन करायची? आम्हाला काय कळतंय. म्हणाले, "पाडणार दोन्हीत, खरं पैसे एकातच." मग समजावून सांगितलं, ते मला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

पुरात घर पडतं तेव्हा सरकार देतं ती मदत. किती द्यायची ते सरकार ठरवतं, वर्षावर्षाला बदलतं. 2019 ला केंद्राच्या आपत्ती निधीच्या नियमात पक्कं घर पूर्ण पडलं तर 95,100 रुपये होते, राज्यानं वरून घालून 5 लाख केले, 2022 पासून केंद्राचा आकडा 1,20,000 झाला. त्यात भांडायचं ते एवढंच की मला योग्य खान्यात घाला. खरं सरकार स्वतः रस्त्यासाठी तुमची जागा घेऊन घर पाडतं तेव्हा ती मदत नव्हे, ते देणं आहे. त्याला 2013 चा भूसंपादन कायदा, 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेला. जागेचा बाजारभाव, त्याला गुणक, शहरात 1 आणि खेड्यात 1 ते 2, अधिक बांधकामाची किंमत, इंजिनीअर काढतो ती, आणि ह्या सगळ्यावर परत तेवढेच पैसे, शंभर टक्के सोलॅशियम, म्हणजे जागा जबरदस्तीनं घेतल्याबद्दलची वरची रक्कम. मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब करून दाखवला, समजा जागेचे 4 लाख, बांधकामाचे 2, झाले 6, त्यावर 6, म्हणजे 12. शिवाय नोटिफिकेशनपासून निवाड्यापर्यंत (भरपाई किती ते ठरवणारा सरकारी आदेश) बाजारभावावर वर्षाला 12 टक्के. मेव्हणा त्या कागदाकडं बघत बसला कारण त्याला मधल्या एकानं 3 लाख म्हणून सांगितलं होतं आणि तो आनंदानं सही करणार होता.

मग एक वाक्य जे मी तिथंच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. पैसे घ्यायचे, नाही म्हणायचं नाही, खरं घेताना हरकत राखून घेतो असं पावतीवर लिहायचं. कलम 77. तसं न लिहिता पैसे उचलले तर वाढीव मागायचा हक्कच जातो. आणि वाढीव मागायला निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असला तर मुदत सहा आठवडे, कलम 64. किती लोकांना हे माहीत असेल? आमच्या रस्त्यावर चौदा घरं, मी विचारत फिरलो, एकाला माहीत होतं आणि तो रिटायर्ड क्लार्क.

अजून एक. सासऱ्यांच्या घराचा पुढचा भाग गेला तर मागं राहतं स्वयंपाकघर, न्हाणी आणि एक खोली, त्याला रस्त्याकडून दार काढायला जागा नाही. मेव्हणा म्हणत होता निदान एवढं तरी राहील. मास्तर म्हणाले राहून काय करणार, छपरातून उतरणार? घराचा तुकडाच घ्यायचा असेल आणि मालक म्हणाला की घ्यायचं तर अख्खं घ्या, तर तसं मागता येतं, कलम 94. हे ऐकून सासरे गप्प झाले. त्यांना पैसे समजत होते, अख्खं घर स्वतःहून देऊन टाका हे समजत नव्हतं. दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी तसं लिहून दिलं खरं सही करताना हात थरथरत होता, मास्तरांनी घाई केली नाही, बाहेर जाऊन चहा सांगून आले.

इथं मास्तरांचं मला सगळ्यात पटलं ते हे की त्यांनी हरकतीचा अर्ज टाइप करून दिला आणि म्हणाले, ह्याच्या पुढचं माझं काम नव्हे, वकील बघा. वाढीव भरपाईची केस अर्जी लिहिणाऱ्यानं करायची नसते. 200 रुपये घेतले. दुसरा कुणी असता तर आतपर्यंत घेऊन गेला असता. वकील पण त्यांनी कुणाचा कमिशनवाला सांगितला नाही, म्हणाले दोघा-तिघांना विचारा, टक्केवारी मागेल त्याच्याकडं जाऊ नका.

ह्या विषयात शहरात अजून एक गोष्ट चालते, पैशाच्या जागी टीडीआरचा कागद घ्या म्हणतात, म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडं जास्त बांधायचा हक्क. मोठ्या बिल्डरला चालतं. ज्याच्याकडं होतं तेच दोन खोल्यांचं घर, त्यानं तो हक्क कुठं बांधायचा? विकता येतो म्हणतात, गिऱ्हाईक शोधत फिरायला वेळ कुणाला आहे. सही करायच्या आधी विचारा कागद कसला आहे, एवढंच.

संपादन न करताच रस्ता करायचा हा पण प्रकार आपल्याकडं झालाय. शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पीबी रोडपर्यंतचा रस्ता, स्मार्ट सिटीत झाला, जागामालक हायकोर्टाच्या धारवाड पीठात गेला आणि 2024 साली 20 कोटी द्यायची पाळी पालिकेवर आली तेव्हा अख्ख्या बेळगावात तीच चर्चा होती. तो मालक कोर्टात जाऊ शकला. दोन खोल्यावाला धारवाडला जायचं एसटीचं भाडं मोजतो आधी.

त्यादिवशी बाकड्यावर आमच्या बाजूला एकजण होता, त्याचा प्रकार तिसराच, नोटीस न देताच घर पाडलेलं, पत्र्याचं का असेना आतमध्ये संसार होता. मास्तरांनी ड्रॉवरमधून पेपरचं कात्रण काढलं. 13 नोव्हेंबर 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, घर पाडायच्या आधी 15 दिवसांची नोटीस पाहिजे, ऐकून घ्यायला पाहिजे, नाहीतर अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल. लगेच खाली बोट ठेवलं, रस्त्यावर, फूटपाथवर, नाल्यावर, तळ्यात बांधलं असेल तर हे लागू नाही. मग विचारलं, तुझं कुठं होतं? तो माणूस जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला नाल्याच्या कडेला, खरं नाल्यात नव्हे. मास्तर म्हणाले मग आधी ते सिद्ध करूया, मोजणीचा नकाशा आण. दुसरं कात्रण एप्रिल 2025 चं, प्रयागराजला बेकायदा पाडलेल्या घरांच्या मालकांना प्रत्येकी 10 लाख द्यायला त्याच कोर्टानं सांगितलं ते. ते त्याला दिलं नाही, फक्त दाखवलं. म्हणाले हे बघून आशा जास्त वाढवायची नाही. मला हे आवडलं. लोक उलटं करतात, आधी 10 लाखाचं कात्रण दाखवतात मग फी सांगतात.

सासऱ्यांची फाईल अजून चालू आहे. घर नाही. ते आता आमच्याकडंच असतात, सकाळी उठून चालत त्या रस्त्यापर्यंत जाऊन येतात, खडी टाकलीय म्हणतात, अजून डांबर नाही.

बाकी दुकानाची माहिती. एक पानी अर्ज 100, दोन पानी 150, अ‍ॅफिडेव्हिट बॉण्डपेपर आणि नोटरीचे पैसे सोडून 150. वंशावळ, वारसा नोंद असलं काही नाडकचेरीतून (तहसीलदारांच्या हाताखालची महसूल कचेरी) काढायचं असेल तर कुठला फॉर्म ते फुकट सांगतात, काढून देत नाहीत. घर आजोबांच्या नावावर आणि वारस सहा, त्यातले दोन पुण्यात, असला प्रकार असेल तर सगळ्यांचं संमतीपत्र लागणारच, ते आधी करून जा नाहीतर मास्तर तसेच परत पाठवतात आणि ओरडतात पण. ओरडायची सवय आहे, मनाला लावून घेऊ नका, मावशीला पण ओरडले होते पावती फाडली म्हणून. पावती ते स्वतः मात्र देत नाहीत हे विनोदी आहे. फोनपे गेल्या वर्षीपासून चालू झालंय. दुपारी एक ते तीन बंद, सोमवारी आणि संकष्टीला गर्दी, मे महिन्यात गावच्या जत्रेला आठ दिवस गायब असतात आणि दारावर चिठ्ठी पण लावत नाहीत, मेव्हणा दोनदा हात हलवत परत आलाय. गाडी लावायला जागा नाही. प्रिंटर खराब असला तर शेजारच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन पाठवतात, तिथं पानाला 5 रुपये जास्त.

जाताना ओरिजिनल कागद एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत ठेवा, घर उभं असतानाचा एकतरी फोटो शोधा, लग्नाचा, बारशाचा, गणपतीचा, कसलाही. आणि पेन घेऊन जा. मास्तर सगळं देतात, पेन देत नाहीत.